बघणाऱ्याचं वजन

रेनाता उर्सुआ बेटावरच्या कुलेवात गावात आली, त्याच संध्याकाळी एदेलमिरा बारीयानं तिला चुलीपुढे बसवून विचारलं, की बाई गं, तू नेमकं करणार काय आहेस? कारण सान्तियागोहून मुलगी येणार आणि आपल्याकडे राहणार, एवढंच पाद्रीबाबांनी सांगितलं होतं. मुलगी शिकलेली, बोटं गाजराच्या शेंड्यासारखी नाजूक, आणि बरोबर एवढी मोठी पिशवी.

"सहभागी निरीक्षण," रेनाता म्हणाली. "म्हणजे मावशी, नुसते प्रश्न विचारून निघून जायचं नाही. तुमच्यातच राहायचं, तुम्ही कराल ते करायचं, तुम्ही खाल ते खायचं, आणि बारकाईनं बघत राहायचं."

एदेलमिरानं यावर जरा विचार केला. "म्हणजे सून," ती म्हणाली.

"अं?"

"आमच्याकडे हे काम सून करते. घरात राहते, पडेल ते करते, आणि सासूचं सगळं बघून ठेवते. मग माहेरी जाऊन सांगते."

"मीपण सांगणारच आहे. आमच्या प्रोफेसरांना."

"मग झालं तर!" असं म्हणून एदेलमिरानं तिच्या पुढ्यात बटाट्यांची टोपली सरकवली. "सोल."

तेव्हापासून उन्हाळाभर रेनाता सोलत होती, खणत होती, ओहोटीला शिंपल्या वेचत होती, मेंढ्यांमागे धावत होती. त्यावर सगळं गाव खूश होतं. एदेलमिराला मात्र एक गोष्ट लवकरच कळली, की बघणं हा काही एकट्या रेनाताचा धंदा नाही. पोरगी शेजारच्या लुद्गार्दाकडे गेली की लुद्गार्दा कधी नव्हे ते धुतलेला टेबलक्लॉथ काढायची. पुरुष माणसं तिच्यासमोर बैलांना शिव्या द्यायची नाहीत, त्यामुळे बैलही गोंधळून जागच्या जागी उभे राहायचे. आणि एदेलमिरा स्वतः? ती रेनाताला बघायची. पोरगी झोपेत दात खाते, चहात साखर चोरून घालते, आणि आईचा फोन आला की मागच्या दारी जाऊन बोलते, हे सगळं तिनं टिपून ठेवलं होतं. सासू कुठली सुनेला हरते!

रेनाताला मुख्य हवी होती ती मिंगा. घर हलवायचं असलं की गाव जमतं, अख्खं लाकडी घर पायावरून उचलून दोन लांब ओंडक्यांवर ठेवतं, दोर बांधतं आणि बैल जुंपून ओढत नव्या जागी नेतं. मजुरी नाही, हिशेब नाही. घरमालकिणीनं पोटभर जेवू घालायचं आणि पुढे दुसऱ्याच्या मिंगाला जायचं, की फिटलं. अशी मिंगा त्या वर्षी व्हायची होती ती एदेलमिराचीच.

व्हायलाच हवी होती. समुद्र दर हिवाळ्याला काठ खात होता. गेल्या खेपेला त्यानं कोंबड्यांचं खुराडं गिळलं, कोंबड्यांसकट. यंदा वारे सुटायच्या आत घर टेकडीवर गेलं नाही, तर पुढच्या वादळात ते समुद्राचं होणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. नवीन बांध म्हणणारे पुष्कळ होते. पण हे घर तिच्या नवऱ्यानं, देवाघरी गेलेल्या त्रांसितोनं, जंगलातून एकेक फळी आणून बांधलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराला अजून कर्रर्र आवाज यायचा, कारण ते त्यानं जरा वाकडं बसवलं होतं. मेलेल्या नवऱ्याचं वाकडं दार समुद्राला द्यायची तिची तयारी नव्हती.

अडचण एकच होती, आणि तिला नाव होतं आउरेलिओ कार्कामो. बेटावरची सगळ्यात दांडगी बैलजोडी त्याची. शिवाय मिंगाला हाळी देणारा, कुठला दोर कधी ताणायचा ते सांगणारा, तोच. आणि एदेलमिरा त्याच्याशी कितीतरी वर्षं बोलत नव्हती. का? तर एका मिंगाच्या जेवणात, साऱ्या गावासमोर, तिनं केलेला मिल्काओ हातात तोलून तो म्हणाला होता, "हा खायचा, का होडीला नांगर म्हणून बांधायचा?"

मिल्काओ म्हणजे बटाट्याची जाड भाकरी. अर्धे बटाटे उकडलेले, अर्धे कच्चे किसून फडक्यात पिळलेले, आणि आत डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. कुलेवातमध्ये बाईची परीक्षा बायबलवर होत नाही, मिल्काओवर होते. एदेलमिराचा मिल्काओ हलका म्हणून तीन गावांत नाव होतं. त्या दिवशी सगळे खो खो हसले. त्रांसितो पण हसला, आणि पुढे आठवडाभर थंड सूप प्याला.

आता मिंगासाठी बोलावणं करायला ती घरोघर निघाली, तेव्हा रेनाता बरोबर होतीच. प्रत्येक दारात फडक्यात गुंडाळलेला मिल्काओ द्यायचा आणि म्हणायचं, "माझं घर न्यायचंय, येशील?" घरधन्यानं तो मोडून खाल्ला, की तो आला. आणि ज्याला बोलावणं नाही, तो येत नाही. "बोलावल्याशिवाय येतात दोघंच," लुद्गार्दा म्हणायची, "कुत्रं आणि वादळ."

सगळ्यांनी मिल्काओ खाल्ला आणि खाता खाता सगळ्यांनी एकच विचारलं, "आउरेलिओ येतोय ना?"

"यायचे ते येतील," एदेलमिरा म्हणायची. लोक मग घास जरा हळू चावायचे. आउरेलिओच्या जोडीशिवाय घर चॅपेलच्या वळणापर्यंत जाईल, पुढचा चढ चढणार नाही, हे चावणाऱ्यांनाही माहीत होतं आणि तिलाही.

"मावशी, त्यांना का नाही बोलवत?" वाटेत रेनातानं विचारलं.

"तू बघायला आलीयस ना? मग बघ."

आठवड्याभरानं रेनाता म्हणाली की जुन्या मिंगांच्या गोष्टी ऐकायला ती आउरेलिओकडे जाणार आहे. एदेलमिराला ते मुळीच रुचलं नाही, पण अडवणार कसं? "जा. पण माझं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार. शप्पथ."

नेमकं त्याच सकाळी रेनातानं पहिल्यांदा एकटीनं मिल्काओ केले होते. किसणीवर बटाट्याबरोबर बोटांची पेरंही किसून घेतली होती, आणि चार बोटांना पट्ट्या लावून मोठ्या अभिमानानं बशी पुढे केली होती. एदेलमिरानं घास घेतला. बटाटा नीट पिळलेलाच नव्हता. घास घशाखाली उतरला तो थेट पोटात जाऊन बसला.

"कसा झालाय?"

"पहिल्या खेपेला बरा आहे," एदेलमिरा म्हणाली, आणि लुद्गार्दाच्या नजरेस पडायच्या आत तिनं ते सगळे फडक्यात बांधून रेनाताच्याच पिशवीत टाकले. "वाटेत भूक लागेल तुला. चांगली चालशील."

संध्याकाळी रेनाता गाणं गुणगुणत परत आली. आउरेलिओकाका किती छान माणूस आहे, किती गोष्टी सांगितल्या! एदेलमिरानं काही विचारलं नाही. विचारायचं फार मनात होतं, म्हणूनच नाही विचारलं.

मिंगाला दोन दिवस उरले असताना सकाळी बाहेर ठकठक ऐकू आली. एदेलमिरानं खिडकीतून पाहिलं. आउरेलिओ कार्कामो तिच्या घराभोवती फिरत होता आणि पराणीच्या टोकानं तुळया वाजवून बघत होता. म्हातारा झाला होता मेला, पण टोपी तीच.

ती दारात आली. दार कर्रर्र वाजलं.

"ही मागची तुळई कुजलीय," तो म्हणाला. जणू कालच बोलणं थांबलं होतं. "इथं आडवा ओंडका घालावा लागेल."

एदेलमिरा उंबऱ्यातच थांबली. "तू... इथं?"

"बोलावलंस म्हणून आलो. नाहीतर मी कशाला येतोय?" त्यानं टोपी मागे सरकवली. "त्या मुलीच्या हाती पाठवलास ना मिल्काओ. स्वतः आली असतीस तर बरं दिसलं असतं. पण असू दे. खाल्ला मी." मग जरा थांबून, दयाळूपणे म्हणाला, "होता तस्साच आहे हं तो. अख्खा दिवस पाणी पीत होतो. पण बोलावणं ते बोलावणं. संपवला."

एदेलमिरा लालबुंद झाली. तो माझा नव्हता, हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. पण माझा नव्हता म्हटलं, की बोलावणंही माझं नव्हतं, हे आलंच. मग हा माणूस म्हणजे बोलावल्याशिवाय दारात उभं राहिलेलं कुत्रं ठरणार. तो बैल घेऊन जाणार, आणि घर वाळूतच राहणार. एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला त्रांसितोचं घर. तिनं तो शब्द गिळला. तोही काही हलका नव्हता.

"परवा उजाडताच ये," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मग स्वयंपाकघरात जी काही खडाजंगी झाली ती लुद्गार्दाला कुंपणापलीकडे ऐकू गेली नाही, हे आश्चर्यच.

"तू त्याला मिल्काओ दिलास?"

"दिला. म्हणजे, मी खायला बसले, ते समोर होते... तुम्हीच शिकवलंत ना, कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही? तुमचं नाव नाही काढलं मी! शप्पथ!"

"ज्या घराची मिंगा ठरलीय त्या घरातून फडक्यात मिल्काओ गेला, तर ते काय असतं?"

"पण बोलावणं म्हणजे ते शब्द ना? 'माझं घर न्यायचंय'? मिल्काओ तर नुसता पाहुणचार—" रेनाताचा चेहरा उतरत गेला. "अरे देवा. मिल्काओ हेच बोलावणं असतं?"

"उन्हाळाभर काय बघितलंस गं मग?"

रेनाता उठून दाराकडे निघाली. "मी सगळं बिघडवलं. आपल्यामुळे काही बदलू द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी आत्ता जाते आणि काकांना खरं सांगून येते."

"खाली बस."

"मावशी, हे खोटं आहे. मला खोटं बोलता येणार नाही."

"कोण म्हणतं खोटं बोल? बोलूच नकोस!"

मिंगाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. घरातलं सामान बाहेर, खिडक्यांच्या काचा काढून गवतावर, चूल लुद्गार्दाच्या अंगणात. बैलांच्या जोड्या लागल्या, पुढे आउरेलिओची. तो वाटेत उभा राहिला, हात वर केला आणि त्याची हाळी अख्ख्या किनाऱ्यावर घुमली. दोर ताणले. घर आधी कण्हलं, मग एकदम जागेवरून सुटलं आणि वाळूतून निघालं. इतकी वर्षं जी खिडकी समुद्राकडे बघायची, ती आता रस्त्यानं चालली होती. तिला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम करत ती मागून चालू लागली.

बायका, पोरं, पाद्रीबाबा, सगळे दोराला होते. बाजूला उभी होती ती एकटी रेनाता, गळ्यात कॅमेरा अडकवून.

"ए पोरी!" आउरेलिओ गरजला. "मिंगात बघणाऱ्याचं वजनही घरावरच पडतं! दोर धर!"

"मला बोलावणं नाही, काका!" रेनाता ओरडून म्हणाली. तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. शिकलेला धडा म्हणून दाखवावा तसं ती बोलली.

आउरेलिओनं वळून एदेलमिराकडे पाहिलं. "तुझ्याच घरात राहते आणि हिला बोलावणं नाही?"

एदेलमिराला खरंच सुचलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण बोलावतं! पण पोरगी घरची, हे पोरीला कुणी सांगितलं होतं? तोवर आउरेलिओ पुढची हाळी द्यायला वळला होता. घर वळणावर येऊन पोचलं होतं आणि सूर्य डोक्यावर.

चॅपेलच्या वळणावर जेवणासाठी थांबायचं होतं. पुढे चढ. घर रस्त्याच्या मधोमध, जरा कलतं, चाकांना लावावी तशी ओंडक्यांना पाचर लावून उभं केलं. इथं सोडलं, तर ते इथंच. ना खाली जाणार, ना वर. गवतावर चादरी पसरल्या. मटण, शिंपल्या, चिचाचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, जग, आणि मधोमध एदेलमिरानं दोन दिवस खपून केलेल्या मिल्काओंचा डोंगर.

आउरेलिओनं ग्लास उंचावला. "मालकिणीच्या नावानं! हिच्या मिल्काओची चव काही सुधारली नाही, हे मी परवाच अनुभवलंय. पण माणूस बोलावण्याला येतो, चवीला नाही!"

गाव हसलं. लुद्गार्दा तर ठसका लागेपर्यंत हसली. रेनाता तोंड उघडून उठायला लागली, तसा एदेलमिरानं तिच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून.

मग आउरेलिओनं हात लांब करून ढिगातला एक मिल्काओ घेतला आणि चावा मारला.

त्याचं चावणं थांबलं. त्यानं हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. दुसरा चावा घेतला, हळू. मग त्याची नजर फिरत फिरत रेनाताच्या हातांवर येऊन थांबली. बोटांच्या पट्ट्या अजून निघाल्या नव्हत्या.

"किसणी लागली वाटतं, पोरी?"

"हो, काका."

"कधी?"

"तुमच्याकडे आले त्याच सका—" रेनाता थांबली. तिला खोटं बोलता येत नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं.

आउरेलिओ उठला. उरलेला मिल्काओ त्यानं चादरीवर जपून ठेवला, टोपी घातली, पराणी उचलली आणि बैलांकडे चालू लागला. पाठ ताठ होती, पण मान एवढी खाली गेलेली एदेलमिरानं कधी पाहिली नव्हती. वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला नव्हता. लाजला होता. साऱ्या गावापुढे तो बोलावल्याशिवाय आला होता, आणि वर दयाळूपणाही दाखवून बसला होता.

त्यानं जुवाची वादी सोडायला हात घातला.

एदेलमिरानं घराकडे पाहिलं. कलतं, बिनकाचांचं, रस्त्यात उभं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला घराचंसुद्धा वाटलं नाही. एक म्हातारा माणूस कुजकी तुळई वाजवत आपणहून फिरत होता, तेच डोळ्यापुढे आलं. एका बोलावण्यासाठी त्यानं तो दगड पाणी पिऊन पिऊन संपवला होता. काय कमी होतं त्यात? तिनं ढिगाच्या वरचा एक मिल्काओ उचलला, डोक्याचा रुमाल सोडून त्यात गुंडाळला, आणि सगळ्यांच्या पायांवरून, ताटांवरून वाट काढत ती बैलांपर्यंत गेली.

"आउरेलिओ कार्कामो," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझं घर न्यायचंय. येशील?"

त्यानं वळून पाहिलं. "सकाळपासून मी काय केलं मग?"

"सकाळपासून तू माझी वाट बघितलीस. उशीर माझा झाला."

बैलानं मान हलवली, घंटा वाजली. आउरेलिओनं रुमाल उघडला, मिल्काओ मोडला आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. एदेलमिरा समोर उभी राहून प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होती.

"हा हलका आहे," तो शेवटी म्हणाला.

"तेव्हाही हलकाच होता."

"तेव्हा माझी दाढ दुखत होती. काहीही चावलं तरी दगड वाटायचा."

"अरे मग सांगायचंस की मेल्या!"

"कुणाला सांगू? तू बोलत होतीस का?"

गवतावरचं हसणं आता आवरेना. पण एदेलमिराचं काम संपलं नव्हतं. ती परत आली, आणखी एक मिल्काओ उचलला आणि रेनातापुढे उभी राहिली.

"रेनाता उर्सुआ. माझं घर न्यायचंय. येशील?"

रेनातानं तो दोन्ही हातांनी घेतला. खाता खाता ती रडत होती, त्यामुळे मीठ जरा जास्त झालं असणार. कॅमेरा तिनं लुद्गार्दाच्या गळ्यात घातला. (त्यातले सगळे फोटो पुढे आभाळाचे आणि लुद्गार्दाच्या अंगठ्याचे निघाले.) मग तिनं दोर धरला, एदेलमिराच्या शेजारी. आउरेलिओनं हाळी दिली. बैलांनी खुरं रोवली, पुरुषांनी मनसोक्त शिव्या दिल्या, आणि घर करकरत चढ चढलं.

अंधार पडता पडता ते टेकडीवर, नव्या खांबांवर बसलं. चूल आत आली, पेटली. स्वयंपाकघराचं दार इथंही तसंच कर्रर्र वाजलं, आणि एदेलमिरानं दोन-तीनदा उगाच उघडझाप करून ते ऐकलं.

रेनाता चुलीजवळ वही उघडून बसली होती. पण दोरानं तळहात सोलवटून निघाले होते, पेन धरवत नव्हतं.

"मावशी, आज एक ओळही लिहिता येणार नाही. आणि लिहू तरी काय? जे बघायला आले ते मीच बदलून टाकलं."

"आण इकडे." एदेलमिरानं पेन तिच्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावला आणि वही गुडघ्यावर ठेवली. "तू सांगत जा, मी लिहिते. तुझे प्रोफेसर हे वाचणार ना?"

"अगदी शब्दन् शब्द."

"बरं," असं म्हणून एदेलमिरानं पान सरळ केलं आणि रेनातानं तोंड उघडायच्या आतच, मोठ्या ठसठशीत अक्षरात पहिली ओळ लिहून टाकली: तो जड मिल्काओ एदेलमिरा बारीयाचा नव्हता.